वरच्या पट्टीत म्हणजे मोठ्यानं की टिपेत? मुलांना वारंवारता समजावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक सातवीत आहे. "एका सेकंदात होणाऱ्या दोलनांची संख्या म्हणजे वारंवारता" ही व्याख्या ती घडाघडा म्हणते. पण "डासाची वारंवारता जास्त की ढोलाची?" असं विचारलं की "ढोलाची, तो केवढा मोठा वाजतो!" असं उत्तर देते. वडिलांनी तीनदा समजावलं, व्हिडिओ दाखवले, तरी गाडी तिथेच अडते. ती गाण्याच्या क्लासला जाते, म्हणून तर त्यांना जास्तच आश्चर्य वाटतंय. शेवटी त्यांनी विचारलंय की नादकाटा (ठोकला की एकच सूर देणारा धातूचा दुपाती काटा, ट्यूनिंग फोर्क) विकत आणला तर उपयोग होईल का.

मी गेली चोवीस वर्षं सातवी ते नववीला विज्ञान शिकवते आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही वाटांनी येतो. आधी एक सांगते: तुमच्या लेकीचं उत्तर चुकलं असलं तरी तिचं निरीक्षण चुकलेलं नाही. तिला वारंवारता कळत नाही असं मला वाटत नाही. आवाजाच्या दोन वेगळ्या गोष्टी तिच्या डोक्यात एकाच शब्दाखाली राहतात, आणि ते शब्द तिला आपणच दिलेत.

आपली भाषा बघा. टीव्हीचा "आवाज वाढव", भांडताना "आवाज चढला", "वरच्या पट्टीत बोलू नकोस". यातली पट्टी मुळात पेटीची, म्हणजे स्वराची उंची सांगणारी, पण घरात तिचा अर्थ मोठ्यानं बोलणं असाच होतो. "बारीक आवाज" म्हटलं तर कुणाला हळू आवाज वाटतो, कुणाला किनरा. त्यात शरीरही फसवतं. आपण ओरडतो तेव्हा हवा जोरानं येते आणि गळ्यातल्या स्वरतंतूंचा ताणही वाढतो, म्हणून आवाज मोठा होता होता थोडा वरही चढतो. जन्मापासून पोरीला हाच अनुभव आहे की मोठा तो चढा. पुस्तकातली एक ओळ या अनुभवापुढे टिकत नाही.

म्हणून मी वारंवारता हा शब्द पहिले दोन दिवस उच्चारतच नाही. त्याऐवजी गाण्यातले दोन शब्द घेते, खर्ज आणि टीप. जाड, खोलातून येणारा आवाज खर्जाचा आणि किनरा, वर चढलेला आवाज टिपेचा. दुसरी जोडी साधी, हळू आणि मोठ्यानं. मग फळ्यावर चार घरं आखते आणि मुलांना घरातले, रस्त्यावरचे आवाज त्यात टाकायला सांगते. ढोल खर्जाचा आणि मोठा. कुकरची शिट्टी टिपेची आणि मोठी. कानाशी येणारा डास टिपेचा, पण हळू. चौथं घर मुलांना सुचत नाही, तेव्हा रात्री फ्रीजची घरघर ऐकायला सांगते किंवा गल्लीतल्या डीपीजवळ, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ, सुरक्षित अंतरावर उभं राहायला सांगते. तो हुंकार खर्जाचा असतो आणि हळूही. (आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो. हा आकडा नंतर उपयोगी पडतो.) चारही घरं भरली की "मोठा म्हणजे चढा" ही समजूत मुलं स्वतःच मोडतात. डासाचं घर सापडलं की तुमचा मूळ प्रश्न अर्धा सुटला.

घरी एकट्या मुलीसाठी याहून सोपी सुरुवात आहे. नळाखाली कळशी लावा आणि तिला डोळे मिटून बसवा. कळशी भरत आली की ती न बघता "भरली" म्हणेल. कसं कळलं विचारा. बहुतेक मुलं म्हणतात, "आवाज बदलला." कसा बदलला, मोठा झाला का? नाही, नळ तेवढाच सुटलाय. तो खर्जाकडून टिपेकडे गेला. पाणी वर येतं तशी त्याच्या वरची हवेची जागा आखूड होते, आणि आखूड हवा भरभर थरथरते. आपल्या आया शेजारच्या खोलीतून हाक मारायच्या, "नळ बंद कर गं," त्या याच कानानं.

आता दोलन. इथे डोळ्यांना काहीतरी दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी मला स्टीलच्या फूटपट्टीसारखं दुसरं साधन माहीत नाही. पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट दाबा, २५ सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि टोक खाली ओढून सोडा. एक मिलिमीटर जाडीची पट्टी अशी धरली तर ती सेकंदाला साधारण १३ वेळा हलते. डोळ्यांना हलताना दिसते, पण सूर ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान साधारण २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही. टेबलावर आपटल्याची खडखड मात्र येते. तो पट्टीचा सूर नव्हे हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल तेच धरून बसतं. मग पट्टी हळूहळू आत घ्या. साडेबारा सेंटिमीटर उरली की सेकंदाला पन्नासच्या आसपास जाते आणि गुरगुर सुरू होते. सहावर आणली की दोनशेच्या वर, आणि स्पष्ट सूर. जे हलताना दिसत होतं तेच आता ऐकू येतंय, हा क्षण मुलांच्या चेहऱ्यावर दिसतो. तो निसटू देऊ नका, काही बोलू नका, त्यांना पाच-सहा वेळा पट्टी आत-बाहेर करू द्या.

लक्षात घ्या, लांबी निम्मी केली तर पट्टीची वारंवारता चौपट होते. तंबोऱ्यासारख्या ताणलेल्या तारेची दुप्पट होते. मुलं मोजू लागली की हा फरक त्यांना सापडतो आणि "बाई, तुम्ही तर दुप्पट म्हणाला होतात" असं येतं. तार ताणामुळे सरळ होते, पट्टी स्वतःच्या ताठपणामुळे, म्हणून नियम वेगळा. सातवीला एवढं पुरे.

यानंतर मी जो प्रयोग करते तो वगळला तर सगळं वाया जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टी तेवढीच बाहेर ठेवायची. एकदा टोक अर्धा सेंटिमीटर ओढून सोडायचं, एकदा दोन सेंटिमीटर. सोडण्याआधी विचारायचं, कोणती जास्त वेळा हलेल? वर्ग जवळजवळ एकमुखानं म्हणतो, जोरात ओढलेली. मग फोन काढायचा. बऱ्याच फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन असतं. ते चालवताना सगळं आठपट सावकाश दिसतं, म्हणजे १३ हेलकाव्यांऐवजी सेकंदाला दीडच्या किंचित वर. हे सहज मोजता येतं. तुमच्या फोनमध्ये १२० चित्रांची सोय असेल तर चारपट सावकाश दिसेल, तेव्हा मोजायला जरा घाई करावी लागेल. दोन्ही वेळा मोजलं की आकडा तोच येतो. टोकाचा हेलकावा मोठा झाला, संख्या बदलली नाही. हेलकाव्याची मोठाई म्हणजे आयाम, तो मोठा-हळू ठरवतो. संख्या म्हणजे वारंवारता, ती खर्ज-टीप ठरवते. इथे पहिल्यांदा मी हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते. झोक्याचं उदाहरण इथे चपखल बसतं. लहानसा झोका घ्या किंवा थोडा मोठा, एका फेरीला वेळ जवळपास तेवढाच लागतो. झोक्यावर बसलेल्या प्रत्येक मुलाच्या पाठीला हे ठाऊक असतं.

तुमच्या लेकीला मात्र पट्टीपेक्षा पेटी जवळची वाटेल, आणि पेटी या कामासाठी जणू घडवलेलीच आहे. एक पट्टी दाबून ठेवायची आणि भाता आधी हलक्या हातानं, मग जोरात मारायचा. सूर तोच राहतो, फक्त मोठा होतो. आता भाता एकसारखा ठेवून पट्ट्या बदलायच्या. सूर चढतो, मोठेपणा तेवढाच. म्हणजे भाता आयामाचा आणि पट्टी वारंवारतेची. क्लासच्या बाईंना किंवा गुरुजींना विनंती करून पेटी एकदा उघडून दाखवायला सांगा. आत पितळेच्या पात्या ओळीनं बसवलेल्या दिसतात, पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. खर्जाकडच्या पात्या लांब, टिपेकडच्या आखूड. मुलगी म्हणेल, "ही तर आपली फूटपट्टीच!" आणि ते खरंच आहे.

आकडे यानंतर आणा. पेटी आजच्या रूढ मापाला, म्हणजे मधल्या पांढऱ्या सहाला (मधल्या सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) ४४० हर्ट्झ धरून लावलेली असेल, तर मधली पांढरी एक जवळपास २६२ हर्ट्झ असते आणि काळी एक २७७. समजा लेक काळी चारमध्ये गाते. तिचा मध्य सा साधारण २०८ आणि तार सा ४१५ च्या आसपास, म्हणजे दुप्पट. पंचम दीडपट, ३११ च्या आसपास. हे गुणाकार तिला स्वतः करू द्या. सा आणि तार सा वेगळे असूनही "एकच" का वाटतात याचं उत्तर गाणाऱ्या मुलीला दुपटीत सापडतं. शिवाय आणखी एक बारकावा कळतो. कान बेरीज करत नाही, पट मोजतो. १०० वरून २०० वर गेलं तर अख्खं सप्तक ओलांडलं. १००० वरून ११०० वर गेलं तर तेवढ्याच १०० नी दोन स्वरांचंही अंतर भरत नाही. वारंवारता मोजायची असते आणि उच्चनीचता कानाला जाणवते. दोन्ही हातात हात घालून चालतात, पण दोन्ही एक नव्हेत.

पेटी नसेल तर सायकल. मागचं चाक उचलून उभी करा, जाडसर लग्नपत्रिकेचा तुकडा कपड्याच्या चिमट्यानं असा लावा की चाकाच्या तारांवर तो घासेल, आणि पेडल हातानं फिरवा. तारा आधी मोजून घ्या. समजा ३६ निघाल्या. चाक सेकंदाला एकदा फिरलं तर पुठ्ठ्याला ३६ टोले, तीनदा फिरलं तर १०८. टकटक टकटक जवळ येत येत त्यांची एक सलग घरघर कधी होते ते ऐकायला सांगा. १०८ म्हणजे डीपीच्या हुंकाराच्या अगदी शेजारी, आणि ज्या मुलांनी तो ऐकलेला असतो ती लगेच ओळखतात. बोटं, ओढणी, वेणी चाकापासून लांब ठेवा.

आता तुम्ही नकळत कुठे अडकला असाल याबद्दल. पालकांकडून आणि माझ्याकडूनही या चुका झाल्या आहेत.

डब्यावर रबरबँड ताणून वाजवण्याचा प्रयोग सगळीकडे सांगतात. मला तो पहिला म्हणून आवडत नाही. रबर ताणला की ताण वाढतो, पण लांबीही वाढते आणि जाडी कमी होते. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर मुलानं कशाला कारण धरायचं? कधीकधी सूर फारसा बदलतच नाही आणि मूल गोंधळतं. त्यापेक्षा तंबोरा दाखवा. आमच्या इथून मिरज जवळ, त्यामुळे मी वर्गाला तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत नेते. खुंटी पिळली की ताण वाढून सूर चढतो. तारेत ओवलेला मणी किंचित सरकवला की बारीक फरक पडतो. खर्जाची तार बाकीच्यांपेक्षा जाड असते. पुरुषी आवाजाचा तंबोरा बायकांच्या तंबोऱ्यापेक्षा मोठा असतो. लांबी, ताण, जाडी, तिन्ही गोष्टी एकेक करून तिथे हाताला लागतात. ताणाचा नियम सांगायचा तर सूर दुप्पट चढवायला ताण चौपट लागतो. घरी हे करायचं असेल तर टेबलाच्या कडेवरून सोडलेल्या तारेला एक किलो आणि मग चार किलो वजन टांगून बघा.

बाटल्यांचा प्रयोगही असाच फसवा. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर जास्त पाण्याची बाटली टिपेत वाजते. त्याच बाटलीवर चमच्यानं टकटक केली तर जास्त पाण्याची खर्जात वाजते. मूल एक प्रयोग शाळेत करतं, दुसरा घरी, आणि दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय असं त्याला वाटतं. फुंकरीत हवा थरथरते, आणि पाणी वाढलं की हवा कमी होते. टकटकीत काच आणि तिला लगटून असलेलं पाणी थरथरतं, आणि पाणी वाढलं की ओझं वाढतं. जलतरंग वाजवणारे वाटीत पाणी घालून सूर उतरवतात तो याच कारणानं. "आता नेमकं काय थरथरतंय?" हा एक प्रश्न मुलाला लागला की अर्ध्या शंका मिटतात.

फोनवरून वेगवेगळे हर्ट्झ वाजवून दाखवत असाल तर सावध राहा. फोनचा स्पीकर इवलासा, तो खर्जाचे सूर वाजवूच शकत नाही. शंभर हर्ट्झ लावले, काही ऐकू आलं नाही, आणि मुलीनं वहीत लिहिलं "माणसाला १०० हर्ट्झ ऐकू येत नाही," असं माझ्या वर्गात झालंय. दुसऱ्या टोकाला उलटं होतं. १५-१६ हजारांच्या पुढचा सूर तिला ऐकू येईल आणि तुम्हाला कदाचित येणार नाही, कारण वय वाढतं तसा वरचा भाग आधी ऐकू येईनासा होतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका, तिच्या कानावर तो पूर्ण जोरानं आदळत असतो. वारंवारता मोजायला फोन चांगला. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे, त्यात सुराची वारंवारता थेट दिसते. पण ते शेवटी. आधी आकडा दिसला की मूल ऐकणं सोडून आकड्याकडे बघत बसतं.

आणखी एक शंका हमखास येते: टाळीची वारंवारता किती? याचं एक उत्तर नाही. टाळीत, बिस्किटाच्या रिकाम्या डब्याच्या खडखडाटात असंख्य वारंवारता एकमेकींत न जुळणाऱ्या मिसळलेल्या असतात, म्हणून कानाला सूर धरता येत नाही. मग तबल्याला सूर कसा? तोही ताणलेलं कातडंच. या प्रश्नावर सी. व्ही. रामन यांनी काम केलं होतं, आणि १९२० मध्ये त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ते मांडलं. मधल्या शाईच्या, म्हणजे त्या काळ्या गोल थराच्या, वजनामुळे कातड्याची विस्कळित दोलनं जुळवून घेतात, मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा रांगेत येतात आणि कानाला सूर सापडतो. तबल्याची शाई शोभेसाठी नसते हे कळल्यावर मुलं पुन्हा पुन्हा तिच्यावर बोट फिरवतात. कसबी हातांनी हे आधीच साधलं होतं, रामन यांनी त्यामागचं कारण दाखवलं.

किती खोलात जायचं हे मुलाच्या वयावर आणि आवडीवर आहे. चौथीपर्यंत चार घरांचा खेळ आणि कळशी पुरे, हर्ट्झ नको. सहावी-सातवीला सेकंदातली मोजणी. लहरीचं चित्र, तरंगलांबी हे नववीत ठेवलं तरी काही बिघडत नाही. ते चित्र लवकर दाखवलं तर आवाज सापासारखा वळवळत जातो असं मुलांना वाटू लागतं. टिपेचा आवाज लवकर पोचतो असंही काहींना वाटतं. त्यांना लांबून येणारी वरात आठवायला सांगा. सनई आणि ढोल एकाच वेगानं येतात, म्हणून तर लांबूनही ठेका आणि चाल जुळलेली ऐकू येते. आणि मुलाला सूर लावता आला नाही तर वारंवारता कळली नाही असं ठरवू नका. ऐकून ओळखणं आणि गळ्यातून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. माझ्या वर्गात उत्तम ओळखणारी, पण अजिबात न गाणारी मुलं दरवर्षी असतात.

थोडक्यात क्रम सांगायचा तर आधी कळशी आणि चार घरं, मग फूटपट्टी, तीच पट्टी हळू आणि जोरात ओढून मोजणं, मग पेटी, आणि सगळ्यात शेवटी हर्ट्झचे आकडे. रोज पंधरा मिनिटं धरली तर आठवडा लागेल. डास-ढोलाचा प्रश्न आठवड्यानंतरच पुन्हा विचारा.

नादकाट्याचं उत्तर राहिलं. हे सगळं झाल्यावर आणा, आधी नको. नादकाट्याचं हलणं इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवरून सुरुवात केली की मूल पुन्हा पाठांतराकडे वळतं. आणलाच तर २५६ चा घ्या, आकडा त्याच्यावर कोरलेला असतो. टेबलावर किंवा ओट्यावर आपटू नका, चपलेच्या रबरी टाचेवर मारा. वाजता काटा पाण्याच्या वाटीत टेकवला की पाणी उडतं, ते आधी दाखवा. मग एक गंमत करा. काट्याची दांडी पेटीच्या लाकडाला टेकवून मधली पांढरी एक हलकेच वाजवा. पेटी २६२, काटा २५६. दोघांत सेकंदाला पाच-सहाचा फरक, आणि आवाज सेकंदाला तेवढ्याच वेळा लाटेसारखा वर-खाली होताना ऐकू येतो. गाण्याच्या क्लासमध्ये तंबोरा लावताना गुरुजी ज्या थरथरीकडे कान देऊन बसतात, ती हीच. ती किती वेळा होते ते लेकीला मोजायला सांगा.